पाठकोऱ्या कागदावरची यादी

आमच्या गाडीत पेट्रोल नव्हतं, ही गोष्ट वादळाच्या आधीही तितकीच खरी होती. फक्त तेव्हा तिला कोणी विचारत नव्हतं.

माझ्या मोटरसायकलचा काटा तांबड्या रेघेवर टेकलेला असला की मला शांत झोप लागते. यात कंजुषी नाही, धोरण आहे. आसेगावात ज्याच्या टाकीत पेट्रोल असतं, त्याची गाडी त्याची राहत नाही. ‘बाबू, जरा फाट्यावर जाऊन येतो’ असं म्हणून गाडी नेणारा माणूस मंगरूळपीरला मेव्हण्याच्या साक्षगंधात जेवताना आढळतो. म्हणून मी टाकीत शाळेत जाण्यायेण्यापुरतं पेट्रोल ठेवतो आणि मागणाऱ्याला आनंदाने चावी देतो. तो कोपऱ्यापर्यंत जातो आणि ढकलत परत येतो. पुन्हा मागत नाही. संबंध टिकून राहतात.

तर यंदा एप्रिलच्या शेवटच्या गुरुवारी संध्याकाळी पाऊण तास वादळ झालं. विजेचे खांब आडवे झाले, रस्त्यावर कडुनिंब पडले, मोबाइलचा टॉवर मुका झाला. आमच्या शाळेच्या सायकल स्टँडचे पत्रे सरपंचांच्या गोठ्यावर जाऊन बसले, आणि सरपंचांनी ते पोचपावतीशिवाय परत द्यायला नकार दिला. शुक्रवारी सकाळी बातमी आली की रस्ते बंद असल्यामुळे एसटी येणार नाही आणि पेट्रोलचे टँकर आठ दिवस फिरकणार नाहीत. टॉवर बंद असताना ही बातमी कशी आली ते मला अजून कळलेलं नाही, पण आली, आणि तासाभरात अख्खं गाव डबे घेऊन फाट्याकडे निघालं.

मी निघालो नाही. मी शाळेत वरिष्ठ लिपिक आहे. डबा घेऊन पळणं माझ्या पदाला शोभत नाही. शिवाय माझी गरज रविवारची होती.

रविवारी सकाळी साडेदहाला वाशीमला रत्नमालेची परीक्षा होती. रत्नमाला म्हणजे माझी पत्नी. अठरा वर्षं अंगणवाडी सेविका आहे. पर्यवेक्षिकेच्या जागेसाठी ही परीक्षा, आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी. पहिल्या वेळी आमची मुलगी पौर्णिमा व्हायची होती. दुसऱ्या वेळी माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तिसऱ्या वेळी परीक्षाच रद्द झाली. या खेपेला तिने हिवाळाभर पहाटे उठून, पोषण आहाराच्या रजिस्टरखाली पुस्तक ठेवून अभ्यास केला होता. मी तिला शब्द दिला होता, ‘तू फक्त अभ्यास कर. कागद आणि गाडी माझ्याकडे.’

कागद म्हणजे प्रवेशपत्र. ते मी बुधवारीच शाळेतल्या प्रिंटरवर काढून आणलं होतं, रीतसर परवानगी घेऊन आणि स्वतःचा कागद नेऊन. त्यावर तिचा फोटो चिकटवला, सही घेतली, चार घड्या घातल्या आणि माझ्या शर्टाच्या खिशात ठेवलं.

“माह्याजवळ द्या ना,” ती म्हणाली. “तुमच्या खिशात ठेवाले ते का इस्त्रीचा रुमाल हाये?”

“एकवीस वर्षं कारकुनी केली,” मी म्हणालो. “आजवर माझ्या हातून एक कागद हरवलेला नाही.”

हे खरं आहे. पुढे जे झालं त्यातही कागद हरवला नव्हता, हे मी आधीच नोंदवून ठेवतो.

माझ्या खिशात आणखीही कागद असतात. एका बाजूला छापलेले आणि मागून कोरे असे जे कागद कार्यालयात निकामी होतात, ते पाठकोरे कागद मी कधी फेकू देत नाही. घड्या घालून जवळ ठेवतो. किराण्याची यादी, हिशेब, आईच्या गोळ्यांच्या वेळा, सगळं पाठकोऱ्यावर. कोऱ्या कागदावर किराणा लिहिणारा माणूस मला उधळा वाटतो.

शुक्रवारी दुपारी मी गाडीची टाकी उघडून आत पाहिलं. वास होता. शेजारचे लखीराम, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, लगेच येऊन उभे राहिले. त्यांना गाडीचं झाकण उघडल्याचा आवाज झोपेतही ऐकू येतो.

“आडवी पाडा,” ते म्हणाले. “कोपऱ्यात रायते थोडं. आडवी पाडली का इंजिनाकडं येते.”

आम्ही गाडी आडवी पाडली. टाकीत जे काही वाटीभर होतं ते झाकणाच्या फटीतून अंगणात गेलं.

“पाह्यलं?” लखीराम समाधानाने म्हणाले. “होतं म्हनलं ना!”

आई ओसरीवर बसून हे पाहत होती. माझी आई, चंपाबाई, हिचं वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे पंचाहत्तर आहे आणि तिच्या मते नव्वद. “पायी जा ना बाप्पा,” ती म्हणाली. “आमी नाही का जात होतो वाशीमले पायी, लेकरं कंबरेवर घेऊन? तू तं माह्या कंबरेवरच गेला.”

वाशीम आमच्यापासून तीसेक किलोमीटर आहे, आणि आता मला कोणी कंबरेवर घेणार नव्हतं. शनिवारी सकाळी मी गाडी ढकलत फाट्यावरच्या पंपाकडे निघालो.

रस्त्यात भेटलेल्या प्रत्येकाने विचारलं, “बाबू, बंद पडली का?” पहिल्या पाच जणांना मी सविस्तर कारण सांगितलं. पुढच्या पाच जणांना ‘हो’ म्हणालो. त्यानंतरच्यांकडे मी पाहिलंच नाही, तर ते मागून ओरडले, “बाबू, बंद पडली का?”

पंपावर पत्र्याचा मांडव अर्धा उडालेला, आणि व्यवस्थापक हरिसिंग राठोड उरलेल्या अर्ध्याखाली खुर्ची टाकून बसलेले. समोर दोन्ही बाजूंनी माणसं, गाड्या, ड्रम.

“पेट्रोल आहे का?” मी विचारलं.

“हाये ना. तुमच्या पायाखाली टाकी भरून हाये.”

“मग द्या.”

“लाइट नाही. वरतं कसं येईन?”

“जनरेटर?”

“हाये ना. त्यात डिझेल नाही.”

“डिझेल कुठं आहे?”

“हाये ना,” हरिसिंग शांतपणे म्हणाले. “खालच्या टाकीत.”

मी शासनाच्या सेवेत एकवीस वर्षं काढली आहेत, पण इतकं निर्दोष उत्तर मला क्वचितच मिळालं आहे. डिझेल निघेल तर जनरेटर चालेल, आणि जनरेटर चालेल तर डिझेल निघेल. मी मनातल्या मनात हरिसिंगला नमस्कार केला.

तेवढ्यात रांगेत भांडण सुरू झालं. लोक शुक्रवारपासून येऊन नंबर लावून जात होते, आणि नंबर म्हणजे चप्पल. आमच्याकडे रेशनच्या दुकानापुढेही तीच रीत. माणूस सावलीत बसतो, चप्पल उन्हात त्याच्या वतीने उभी राहते. पण सकाळी एका कुत्र्याने अकरावा नंबर तोंडात धरून नेला होता. आता बारावा म्हणत होता मी अकरावा, आणि अनवाणी अकरावा म्हणत होता, कुत्र्यानं नेला म्हणून नंबर जाते काय? तिसऱ्याने तर दोन चपला दोन ठिकाणी ठेवल्या होत्या, एक पेट्रोलसाठी आणि एक डिझेलसाठी.

“यादी करा,” कोणीतरी ओरडलं. “लिवनारा हाये का कोनी?”

“पडघान बाबू हायेत ना!”

सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. दोन दिवसांत कोणी माझ्याकडे आदराने पाहण्याची ती पहिलीच वेळ होती. मी गाडी स्टँडवर लावली, खिशातून एक पाठकोरा काढला, कोरी बाजू वर करून सीटवर अंथरला आणि रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, गाव, वाहन, शेरा.

“शेरा कायले?” लखीराम म्हणाले. तेही आले होते. त्यांच्याकडे गाडी नाही, पण रांग कोणाची का असेना, त्यांना आवडते.

“शेऱ्याचा रकाना असतोच,” मी म्हणालो.

दीड तास लागला. सत्तावन्न नावं झाली. प्रत्येकाची चप्पल त्याच्या पायात आहे याची खात्री करून मी नोंद घेतली. अनवाणी माणसाला अकरावा ठेवला, त्याबद्दल बाराव्याने माझ्याकडे जन्मभराच्या वैरासारखं पाहिलं.

“तुमचा नंबर कितवा, बाबू?” लखीरामनी विचारलं.

“यादी करणाऱ्यानं स्वतःला पुढं घालू नये,” मी म्हणालो, आणि हे वाक्य चारचौघांनी ऐकलं याची मला बरी जाणीव होती.

यादीला वजन यावं म्हणून ती पोलीस पाटलांकडे नेली. उकंडराव आमच्या गावचे पोलीस पाटील. ते स्वतः ट्रॅक्टर घेऊन रांगेत होते, सव्विसाव्या नंबरावर. त्यांचं माझं बोलणं गेल्या जूनपासून बंद होतं. नातवाच्या प्रवेशाला ते आले होते, तेव्हा त्यांची सही रेघेबाहेर गेली होती आणि आधार कार्डाची झेरॉक्स आणली होती. मी म्हणालो, झेरॉक्स चालत नाही, मूळ प्रत आणा. तीन खेपा झाल्या. पेरणीचे दिवस होते, हे मला मान्य आहे. पण नियम पेरणी पाहत नाही.

उकंडरावांनी यादी वाचली, बंडीच्या खिशातून शिक्का काढला, त्यावर हाः करून फुंकर घातली आणि तळाशी उमटवला. हरिसिंगने यादी कार्यालयाच्या काचेला बाहेरून चिकटपट्टीने लावली. सत्तावन्न माणसं तिच्यापुढे गोळा होऊन आपापलं नाव वाचू लागली. मला, खोटं कशाला सांगू, भरून आलं.

राहिला प्रश्न डिझेलचा. पंपावर डिझेल असलेली एकच वस्तू होती, उकंडरावांचा ट्रॅक्टर. अर्धी टाकी. सगळे ट्रॅक्टरकडे पाहत होते आणि उकंडराव आभाळाकडे.

“बाबू, तुमी बोला,” लोक म्हणाले. “तुमी यादीवाले.”

मी गेलो. “उकंडराव, पाचच लिटर. जनरेटर चालू झाला की सगळ्यात आधी तुमचं परत.”

उकंडराव आभाळावरून खाली आले. “अर्ज करा,” ते म्हणाले.

मागे कोणीतरी हसलं. मी दुसरा पाठकोरा काढला आणि लिहिलं. विषय : जनरेटरकरिता पाच लिटर डिझेल उसने मिळणेबाबत. उकंडरावांनी तो हातभर लांब धरून वाचला.

“सही रेघेच्या भायेर गेली.”

मी पुन्हा लिहिला.

“संगं काय जोडलं?”

“काय जोडू?”

“ओळखपत्र. मी कसा वळखू तुमाले?”

ते मला मी चड्डीत होतो तेव्हापासून ओळखतात. मी पाकिटातून आधार कार्डाची घडी पडलेली झेरॉक्स काढली. उकंडरावांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

“झेरॉक्स चालत नाही.”

मूळ कार्ड घरी होतं. दोन किलोमीटर चालत गेलो, दोन किलोमीटर चालत आलो. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. कार्ड दाखवलं. उकंडरावांनी फोटो पाहिला, माझं तोंड पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग ट्रॅक्टरच्या टाकीत नळी घालून मोजून पाच लिटर काढून दिले. मला अतिशय राग आला होता. पण कामकाजात बोट ठेवायला जागा नव्हती.

पाच वाजता जनरेटर फडफडला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माणशी दोन लिटर. सूर्य कलेपर्यंत पंचवीस नंबर झाले, आणि जनरेटरमधून काळा धूर येऊ लागला.

“तापलं,” हरिसिंग म्हणाले. “राह्यलेले सकाळी सात वाजता. यादीपरमानं.”

सकाळी सातला सुरू झालं तरी मी नऊच्या आत मोकळा होणार, दहाच्या आत वाशीम. मी निश्चिंत झालो आणि पाणी प्यायला कार्यालयात गेलो. ग्लास तोंडाला लावला आणि समोर पाहिलं.

काचेतून रत्नमाला माझ्याकडे पाहत होती.

पासपोर्ट आकाराची, कपाळावर आठी, केस चप्प बसवलेले. खाली तिची सही. वर ठळक अक्षरांत प्रवेशपत्र. बाहेरून सत्तावन्न नावं आणि पोलीस पाटलांचा शिक्का, आतून माझी बायको.

खिशात हात घातला. तिथे एक पाठकोरा होता. उलटून पाहिला. गेल्या वर्षीच्या शालेय स्वच्छता पंधरवड्याचं परिपत्रक.

मी बाहेर आलो आणि कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने चिकटपट्टीचं एक टोक उचललं.

“बाबू यादी काढून राह्यले!”

बत्तीस माणसं एका दमात उभी राहिली. ज्यांना पेट्रोल मिळालं होतं ती पंचवीस माणसंही घरी न जाता पाहत उभी होती. मी सगळं सांगितलं. खोटं काही बोललो नाही. लोकांना वाईट वाटलं, हे मी मान्य करतो. पण वाईट वाटणं वेगळं आणि नंबर सोडणं वेगळं.

“मी दुसऱ्या कागदावर जशीच्या तशी उतरवून देतो,” मी म्हणालो.

उकंडराव पुढे आले. “नक्कल चालत नाही, बाबू. मूळ प्रत पाह्यजे. शिक्का तिच्यावर हाये.”

“नकलेवर पुन्हा शिक्का मारा.”

“एकाच कामाचे दोन शिक्क्याचे कागद झाले तं खरा कोनता? उद्या कोनी तिसरा आनन.”

हे वाक्य माझं होतं. गेल्या जूनमध्ये, याच माणसाला, मी ते शब्दशः ऐकवलं होतं. त्याला उत्तर नाही, हे माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. गावातलं संगणकाचं दुकान बंद, शाळेचा प्रिंटर बंद, टॉवर बंद. दुसरं प्रवेशपत्र निघण्याची शक्यता नव्हती. गाडी तिथेच ठेवून मी चालत घरी आलो.

रत्नमाला चुलीपाशी भाकरी टाकत होती. गॅसचं सिलिंडरही त्याच आठवड्यात संपलं होतं, पण ते मी इथे वाढवत नाही. मी तिला उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मनात होतं, ती ओरडेल. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

तिने भाकर उलटली. मग म्हणाली, “काचीवर फोटो कसा दिसते माहा?”

“चांगला दिसतो,” मी म्हणालो.

“अठरा वर्सांत पहिल्यांदा कोठी तरी लागला,” ती म्हणाली, आणि पुढचा गोळा थापायला घेतला. तिचे हात नेहमीसारखेच चालत होते, पण ती माझ्याकडे पाहत नव्हती. मला फार लाज वाटली. दोन वेळा दुसऱ्या कोणाच्या कामासाठी तिची परीक्षा गेली, तेव्हा ते काम तरी होतं. या खेपेला फक्त मी होतो आणि माझी काटकसर. जेवताना आईने माझ्याकडे पाहून नुसतं “हं” केलं. एवढं मोठं “हं” मी आजवर ऐकलं नव्हतं.

रविवारी सकाळी रत्नमाला निळ्या काठाची पांढरी साडी नेसून तयार झाली, पिशवीत दोन पेन टाकले आणि म्हणाली, “चला.”

“कुठं?”

“पंपावर. माहा कागद तथीच हाये ना?”

आम्ही पोचलो तेव्हा सात वाजत आले होते. उरलेले बत्तीस जण आधीच हजर, आणि जो तो काचेपुढे उभा राहून यादी जागेवर आहे ना ते पाहत होता. मी पुढे होऊन निवेदन सुरू करणार, तर रत्नमालेने माझ्या हातात पिशवी दिली.

“जय भीम मॅडम,” कोणी म्हणालं. “नमस्कार बाई,” दुसरा म्हणाला. त्यांतल्या कित्येकांची लेकरं तिच्या हातची खिचडी खाऊन शाळेत गेली होती. दोघेतिघे तर स्वतःच खाऊन गेले होते.

“मी नावं वाचते,” ती म्हणाली. “ज्याचं नाव येईन त्यानं गाडी घेऊन रांगेत लागाचं. समोरच्याच्या गाडीले हात लावून उभं राहाचं. हात सोडाचा नाही.”

“मॅडम, कागद—”

“हात सोडाचा नाही म्हनलं ना!”

बाराव्या नंबराचं काम झालं होतं, तरी त्यानेही कोणाच्या तरी गाडीला हात लावला. तिने सव्विसावं नाव वाचलं. उकंडराव ट्रॅक्टरसकट पुढे आले. सत्ताविसाव्याने ट्रॅक्टरला हात लावला, अठ्ठाविसाव्याने सत्ताविसाव्याच्या कॅरिअरला. सत्तावन्नाव्या रूपला जाधवापर्यंत रांग रस्त्यावर गेली आणि वळली.

“झालं?” रत्नमाला म्हणाली. “आता कोन कोनाच्या मांगं हाये, कोनी इसरन काय?”

“नाही,” बत्तीस जण म्हणाले.

“मंग कागद कायले पाह्यजे?”

हरिसिंग खुर्चीवरून उठले आणि त्यांनी स्वतःच्या नखाने चिकटपट्टी सोडवली. एकवीस वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. लिहून ठेवलं म्हणजे माणूस जागेवर राहतो, असं मी धरून चाललो होतो. तो नुसता उभा राहिला तरी राहतो, हे मी कधी करून पाहिलं नव्हतं.

रत्नमालेने कागद हातात घेतला आणि पुन्हा वरून खालपर्यंत पाहिला.

“अहो, तुमचं नाव कोठी हाये?”

“शेवटी.”

“शेवटी रूपला हाये.”

मी कागद घेतला. सत्तावन्न. त्याखाली शिक्का. यादी करणाऱ्याने स्वतःला पुढे घालू नये, हे मी इतकं मनापासून पाळलं होतं की मागेही घातलं नव्हतं. कागद हातात होता, गाडी कोरडी होती, आणि रांगेत मी कुठेच नव्हतो. लखीराम आधी हसले, मग सगळी रांग. रत्नमाला हसली नाही. ती हातातल्या घड्याळाकडे पाहत होती, आणि तिच्या डोळ्यांत आता पाणी येतं की काय असं मला वाटलं.

“बाबू,” उकंडराव ट्रॅक्टरवरून म्हणाले, “माह्या नंबरवर लावा गाडी.”

“अर्ज करू?” मी विचारलं. खरंच विचारलं. हात खिशाकडे गेलाही होता.

उकंडरावांनी ट्रॅक्टर बाजूला घेतला.

“तोंडी चालते,” ते म्हणाले. मग रत्नमालेकडे वळले. “जा मॅडम. माहा नातू तीन वर्साचा झाला तरी बोलत नव्हता. तुमच्याजवळ बसून बोलाले लागला. आता आयकत नाही कोनाचं, थे येगळं.”

दोन लिटर टाकून आम्ही निघालो. रस्त्यात जागोजागी कडुनिंब आडवे होते, आणि दोनदा शेतातून लांबचा वळसा पडला. गाडीचं पुढचं चाक मी उचललं, मागचं पांढऱ्या साडीतल्या रत्नमालेने. दहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही वाशीमच्या परीक्षा केंद्रावर होतो.

फाटकावर एक गृहस्थ प्रवेशपत्रं तपासत होते. खिशाला दोन पेन, चष्मा नाकाच्या टोकावर. मी ओळखलं, हा आपल्यातला आहे. त्यांनी फोटो पाहिला, तोंड पाहिलं, सही पाहिली. मग, मी केलं असतं अगदी तसंच, कागद उलटून पाहिला.

“हे काय आहे?”

सत्तावन्न नावं. गावं. मोटरसायकल, मोटरसायकल, ट्रॅक्टर, ड्रम, मोटरसायकल. मी खुलासा द्यायला तोंड उघडलं. खुलासा चार मुद्द्यांचा होता.

“आमच्या गावचे लोक हायेत, साहेब,” रत्नमाला म्हणाली. “मले सोडाले आले होते.”

गृहस्थांनी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. तळाशी येऊन थांबले. शिक्क्यावर बोट फिरवलं.

“पोलीस पाटलांचा आहे,” ते म्हणाले. “जा.”

मी फाटकासमोरच्या झाडाखाली अडीच तास बसलो. झाडाला वादळात पानं उरली नव्हती, त्यामुळे सावली अशी नव्हतीच, पण झाडाखाली बसल्याचं समाधान होतं. बायका बाहेर येऊ लागल्या. रत्नमाला शेवटच्या दहांत आली.

“कसा गेला?”

“बरा गेला,” ती म्हणाली. तिचा चेहरा मला परीक्षेहून बरा वाटला. तिने पिशवीतून प्रवेशपत्र काढलं आणि माझ्यापुढे धरलं. “हे घ्या. सांभाळा. कागद तुमच्याकडं असतात ना?”

यात टोमणा किती आणि विश्वास किती हे मला ठरवता आलं नाही. घडी घालण्यापूर्वी सवयीने मी कागद उलटून पाहिला. रूपला जाधवाच्या खाली, शिक्क्याला न लागता, तिच्या गोल अक्षरात एक ओळ होती. अंगणवाडीच्या हजेरीत ती लिहिते तशीच, रेघेच्या आत.

५८. संघपाल पडघान. आसेगाव. मोटरसायकल.

आणि मी सत्तावन्न जणांपुढे कोरा सोडलेला शेऱ्याचा रकाना तिने भरला होता.

हजर.